कुडपणची सहल आणि एक विंचू

कुडपण हे नाव आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या कानांवरून गेले असेल. महाबळेश्वरी दरसाल हवा खावयास जाणारी कुटुंबे पुष्कळ. प्रतापगडाच्या पायऱ्या चढून भवानीचे दर्शन घेणारीही थोडी नाहीत. परंतु गडाचा फाटा मागे टाकून आंबेनळीच्या घाटाने तसेच खाली उतरावे, कापडे गावापाशी पोलादपूरचा हमरस्ता सोडावा आणि उतरलेला डोंगर दुसऱ्या अंगाने पुन्हा चढू लागावे, असे मनात आणणारे विरळाच. त्या चढणीच्या शेवटी, रायगड, सातारा व रत्नागिरी या तीन जिल्ह्यांच्या शिवा जेथे एकमेकींना भिडतात तेथे, कुडपण वसले आहे. बुद्रुक आणि खुर्द अशी त्याची दोन अंगे असून वाड्या डोंगराच्या खांद्यावर दूरदूर विखुरलेल्या आहेत. हे शेलारमामांचे गाव, असे तेथील लोक अभिमानाने सांगतात. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ याच तालुक्यात असल्यामुळे ते ऐकताना मनाला पटतेही.

आम्ही वाईचे राहणारे. चाळीस वर्षे मुलांना संस्कृत शिकविण्यात गेली, आणि सेवानिवृत्तीनंतर 'पाहावयाचे राहिले' या सदराखाली जी स्थळे आम्ही मनाशी टिपून ठेविली होती, त्यांत भीमाची काठी हे एक होते. गेल्या आश्विनात नवरात्र आटोपल्यावर योग आला. ज्येष्ठ चिरंजिवांनी मोटार काढली. आमचे कुटुंब, सूनबाई, नऊ वर्षांचा नातू आणि मुंबईहून आलेले आमचे मेहुणे, अशी सहा माणसे कोंबून बसलो. मेहुण्यांची मुंबईत मोठमोठ्या डॉक्टरांशी ओळख आहे. ही गोष्ट ते दिवसातून एकदा तरी सांगतात, व पुढील हकिकतीत तिचा संबंध येणार असल्यामुळे आम्हीही ती येथेच सांगून ठेवितो.

पसरणीचा घाट, पाचगणी, महाबळेश्वर हा मार्ग सर्वांच्या परिचयाचा आहे. आंबेनळी उतरताना मात्र मोटारीत कोणी बोलेना. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची सहलीस निघालेली बस याच घाटात दरीत गेली. तीस माणसे मृत्यू पावली, एकच वाचला. आणि तोच दरीतून वर चढून रस्त्यावर आला, म्हणून जगाला ती वार्ता कळली. सह्याद्रीच्या या भागात मनुष्य संकटात सापडला तर पहिला प्रश्न औषधाचा नसतो; संकट कोणास व किती वेळाने कळेल, हाच तेथला पहिला प्रश्न. आम्ही हे तेव्हा सहज बोलून गेलो. दुसरा दिवस उजाडायच्या आत ते आमच्याच गळ्याशी येणार आहे, याची कल्पना नव्हती.

कुडपणास पोहोचलो तो तिसरा प्रहर झाला होता. पाऊस नुकताच गेलेला. भाताची खाचरे पिवळी पडू लागलेली, वरकस उतारावर नाचणी उभी, आणि पलीकडे सुमारगड व महिपतगड यांचे डोंगर अगदी हाताशी आल्यासारखे दिसत होते. गावाच्या टोकाशी जमीन एकाएकी संपते. तेथून दरीत डोकावले असता जो उंच सुळका उभा दिसतो, ती भीमाची काठी. जगबुडी नदी याच डोंगरांतून खेडकडे उतरते, आणि पावसाळा सरला तरी तिच्या पाण्याचा आवाज दरीतून वर येत राहतो. भीम येथे काठी रोवून कोठे गेला, असे नातवाने विचारिले, तेव्हा महाभारताची अठराही पर्वे चाळली तरी उत्तर सापडणार नाही, असे त्यास आम्ही प्रांजळपणे सांगितले.

मुक्काम एका शेतकऱ्याच्या घरी केला. रात्री नाचणीची भाकरी व पावट्याची उसळ झाल्यावर ओटीवर गप्पा सुरू झाल्या. घरधनी सत्तरीच्या पुढचे. दुखणेबाणे आले म्हणजे काय करता, असे आम्ही विचारिले, ते केवळ बोलण्यास विषय पाहिजे म्हणून. म्हाताऱ्याने मात्र उत्तर मन लावून दिले. त्यांच्या लहानपणी डोली होती; दोन बांबू, एक घोंगडी आणि चार धट्टेकट्टे गडी. अडलेली बाई किंवा पडलेला गडी असा खांद्यावरून पोलादपुरास जाई. वाटेत गडी दोनदा बदलावे लागत. आता डांबरी सडक झाली, वाहने आली, आणि त्या वाहनांबरोबर नवी भयेही आली. ८ जानेवारी २०२१ रोजी सायंकाळी लग्नाहून परतणाऱ्या वऱ्हाडाचा ट्रक कुडपणच्याच वळणावर दरीत कोसळला. तिघे दगावले आणि जखमींची संख्या त्याहून कितीतरी मोठी होती. जखमींना पोलादपूर व महाड येथे हलविण्यात आले. "त्या रात्री समजलं गुरुजी," म्हातारे म्हणाले, "कुठं न्यायचं हे आधी ठाऊक पाहिजे. त्या वक्ताला इचारत बसायचं न्हाई."

आम्ही मान डोलाविली आणि निजावयास गेलो.

पहाटे नातू उठला तो बाहेर जाण्यासाठी. रात्री ओटीखाली काढून ठेविलेल्या बुटात त्याने पाय घातला आणि किंकाळी फोडली. बूट झटकला तेव्हा त्यातून लहानसा, तांबूस रंगाचा विंचू बाहेर पडला. आमच्या घरी विंचू म्हटला की मोठा, काळा, नांगी उगारलेला असेच चित्र सर्वांच्या डोळ्यांपुढे असते. त्यामुळे हा बोटभर प्राणी पाहून आमच्या मेहुण्यांना हायसे वाटले. घरधन्याचे तोंड मात्र उतरले. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे: दांडगा काळा विंचू दिसतो भयंकर, पण कोकणात जीव घेतो तो हा लहान तांबडा. सुश्रुताने कल्पस्थानात विंचवांचे मंदविष, मध्यविष व महाविष असे तीन वर्ग केलेले आम्ही कित्येकदा वाचिले होते. बुटातून पडलेला प्राणी कोणत्या वर्गातला, हे ओळखण्यास त्या वाचनाचा काडीइतका उपयोग झाला नाही.

पोर गडाबडा लोळत होते. शेजारच्या वाडीतून विंचू उतरविणाऱ्या एका वृद्धास कोणी बोलावून आणिले. सुशिक्षितांच्या घरी मंत्र कसला, असे म्हणण्याचे धैर्य त्या क्षणी आमच्यापैकी कोणासही झाले नाही, हे कबूल केले पाहिजे. त्यांनी पाय हातात घेऊन पुटपुटावयास आरंभ केला. इकडे मेहुण्यांनी आपला निर्णय जाहीर केला: "भाऊजी, येथे एक क्षणही थांबावयाचे नाही. थेट मुंबई गाठू. माझ्या ओळखीचे बालरोगतज्ज्ञ आहेत, त्यांना वाटेतूनच टेलिफोन करितो." चिरंजिवांचे मत पडले पुण्याचे. मुंबईला पाच-सहा तास, पुण्याला त्याहून थोडे कमी. दोघांचा वाद चालला असता आमच्या कुटुंबाने हाक मारिली, "अहो, या इकडे. बघा, थांबला रडायचा. उतरलं वाटतं."

खरोखरच मुलगा शांत झाला होता. कळ कमी झाली म्हणाला. सूनबाईंनी देवाचे नाव घेतले. मेहुणे म्हणाले की मग आता घाई नाही, चहा घेऊन निघू.

तेवढ्यात गावातली आशाताई आली. २००५ साली ग्रामीण आरोग्याचे जे राष्ट्रीय अभियान सुरू झाले, त्याने गावोगाव नेमलेली ही बाई; शिक्षण बेताचे, वेष शेतकऱ्याच्या सुनेचा. तिने मुलाच्या कपाळास हात लाविला. कपाळ घामाने थबथबलेले. हात धरून पाहिले, पाय धरून पाहिले, दोन्ही गार. इतक्यात त्यास एक वांती झाली, पाठोपाठ दुसरी. "आजी," ती म्हणाली, "दुखायचं थांबलं ते बरं न्हाई. हात बघा कसे बर्फागत झालेत. ठणका राहिला असता तर मी निवांत बसले असते." आणि मंत्र म्हणणाऱ्या वृद्धाने पाय खाली ठेवून तिच्याच बोलण्यास दुजोरा दिला: "ठणका माझा, गुरुजी. पोर गार पडलं, ते माझं न्हवं. खाली न्या."

त्या दोन माणसांनी जे अर्ध्या मिनिटात ठरविले, ते ठरविण्याचे सामर्थ्य आमच्या सहाजणांच्या शिक्षणात नव्हते. आपल्या अधिकाराची सीमा कोठे संपते, हे त्या निरक्षर वृद्धास ठाऊक होते. चरकाने प्राणाभिसर व रोगाभिसर असे वैद्यांचे जे दोन प्रकार सांगितले आहेत, त्यांतील भेद आम्ही वर्गात पाठ करून घेत असू. तो प्रत्यक्ष पाहिला तो कुडपणच्या ओटीवर.

"मुंबई?" मेहुण्यांनी पुन्हा विचारिले.

"पोलादपूर," आशाताई म्हणाली. "सरकारी ग्रामीण रुग्णालय. तासाभरात पोचाल."

मेहुण्यांच्या चेहऱ्यावर 'सरकारी' या शब्दाने जी छटा उमटली, ती आम्हांस परिचयाची होती. कारण सन १९९४ च्या श्रावणात तीच छटा आमच्या स्वतःच्या चेहऱ्यावर होती. आमच्या थोरल्या बंधूंच्या छातीत पहाटे कळ आली. आळीतल्या वृद्ध डॉक्टरांनी नाडी पाहून सांगितले की साताऱ्याचे सरकारी रुग्णालय जवळ आहे, आधी तेथे न्या. परंतु पुण्यातील एका नामांकित रुग्णालयाच्या वैद्यांस देण्याजोगी चिठ्ठी आमच्यापाशी होती, आणि थोरल्या बंधूंस सरकारी खाटेवर निजवावयाचे हा विचारच आम्हांस अप्रशस्त वाटला. टॅक्सी केली. उत्तम सोय करीत आहोत या समाधानात निघालो. खंबाटकीच्या घाटात मालमोटारींची रांग लागली होती. बंधूंनी दोनदा पाणी मागितले; तिसऱ्यांदा मागितले नाही. ती चिठ्ठी पुढे कित्येक वर्षे आमच्या गीतेच्या पोथीत होती. साताऱ्यास नेले असते तर ते वाचलेच असते, असे कोण सांगू शकेल? पण प्राणवायू मिळाला असता, शिरेतून औषध गेले असते, आणि रस्त्याच्या कडेला पाण्याचे भांडे हातात घेऊन आम्ही उभे राहिलो नसतो. हे सर्व आम्ही आजवर घरातही उघड बोललो नव्हतो. त्या सकाळी मेहुण्यांना एवढेच म्हणालो, "पोलादपूर." आवाज बहुधा शाळेतला निघाला असावा, कोणी उलट बोलले नाही.

१०८ हा क्रमांक फिरवावयाचा तर टेलिफोनची रेघ लागली पाहिजे. ती कोठे लागते, हे आशाताईस माहीत होते. महाराष्ट्रात ही विनामूल्य रुग्णवाहिकेची सेवा २०१४ पासून चालू आहे. गाडीत डॉक्टर व प्राणवायू असतो. पण गाडी खालून वर येईपर्यंत येथे वाट पाहात बसणे ठीक नव्हे, अशी तिने युक्ती सांगितली: आपली मोटार घेऊन उतरू लागावे, गाडी वर चढत येईल, वाटेत जेथे गाठ पडेल तेथे मुलास बदलावे. ती स्वतः मागच्या आसनावर बसली. तिला जागा व्हावी म्हणून आमचे कुटुंब व सूनबाई मागे राहिल्या; आईने मुलास सोडून मागे राहणे किती कठीण, हे लिहिण्याचा विषय नाही. पाय बांधावयाचा नाही, कापावयाचा नाही, चोखावयाचा नाही, हेही तिनेच सांगितले. आमच्या मेहुण्यांनी रुमालाची घट्ट पट्टी बांधली होती, ती सोडविली. कापड्याच्या अलीकडे पांढरी गाडी भेटली.

पोलादपूरच्या रुग्णालयातील वैद्यकीय अधिकारी ही आमच्या सूनबाईंपेक्षाही लहान वयाची मुलगी. तिने पहिला प्रश्न केला तो दंशाच्या वेळेचा. घड्याळ पाहिले होते काय? आम्ही पाहिले नव्हते. आशाताईने चिठ्ठीवर लिहून आणिले होते. रक्तदाब मोजिला, हृदयाचा आलेख काढिला, नाकाशी प्राणवायू लाविला, विंचवाच्या विषावरील प्रतिविष दिले आणि तोंडावाटे एक लहानशी गोळी दिली. मेहुण्यांना राहवेना. "बाई, एवढ्या मोठ्या दुखण्यास गोळी? सलाइन नाही?" त्यावर ती न रागावता म्हणाली, "काका, ही गोळी ज्यांनी विंचवावर वापरून दाखविली, ते इथून अर्ध्या तासावर महाडला होते. मुंबईच्या डॉक्टरांनीही ती इकडूनच घेतली आहे."

ही कथा आम्हांस अर्धवट ऐकून माहीत होती; ती आमच्या वाचकांनी पूर्ण ऐकावी अशी आहे. डॉक्टर हिम्मतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेले गृहस्थ १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचवाने दंश केलेली धडधाकट माणसे, विशेषतः मुले, त्यांच्या डोळ्यांदेखत जात. विषाने हृदय शिणते आणि फुप्फुसात पाणी भरून रोगी बुडाल्यासारखा मरतो; पण याकडे कोणाचे नीट लक्ष गेलेले नव्हते. हा तरुण डॉक्टर रोग्याच्या खाटेपाशी बसून तासातासाला काय होते ते लिहीत राहिला. दरदरून सुटलेला घाम, वांती, गार पडलेले हातपाय ही पुढील अरिष्टाची पूर्वचिन्हे आहेत, हे त्यांनी १९८२ साली लंडनच्या 'लॅन्सेट' या मान्यवर वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध केले. पुढे पुण्यास उच्च शिक्षण घेऊन ते शहरात न राहता पुन्हा याच भागात परतले. आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे, रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध विंचवाच्या विषावर चालते, हा त्यांचा लेख त्याच पत्रात १९८६ साली आला. पूर्वी अशा गंभीर रोग्यांपैकी शंभरात तीस-चाळीस दगावत. ते प्रमाण या औषधाने दोन-तीनांच्या घरात उतरले. भारत सरकारने २०२२ साली त्यांस पद्मश्री दिली. म्हणजे विंचवाच्या दंशावर साऱ्या जगात योग्य स्थळ निवडावयाचे झाले, तर ते जेथून शोधून काढता आले असते, त्या मुलुखातून आम्ही मुलास उचलून सहा तास दूर नेणार होतो! नाथांच्या विंचवाच्या भारुडाचा अर्थ आम्ही इतकी वर्षे मुलांना सांगितला. पण साध्या, खऱ्या विंचवाविषयी कधी एक शब्द सांगितला नाही.

दर तीन तासांनी गोळी, आणि मधल्या वेळात रक्तदाब. दुपारी मेहुण्यांनी पुन्हा मुंबईची गोष्ट काढिली. डॉक्टरबाईंनी समजाविले की या घडीस हलविण्यातच धोका अधिक. श्वास लागू लागला तर त्या स्वतः सोबत माणूस देऊन महाडास पाठवितील, आणि तेथे आधी कळवून ठेविलेही आहे. हे 'कळवून ठेवणे' आम्हांस फार महत्त्वाचे वाटले. ओळखीच्या मोठ्या डॉक्टरांचे दार ठोठावणे वेगळे, आणि एका पायरीने दुसरीस हाक देणे वेगळे.

पायरी हा शब्द तेथील वयस्क परिचारिकेचा. औषधांच्या फेऱ्यांमधल्या रिकाम्या वेळात आम्ही तिला विचारीत होतो आणि ती विद्यार्थ्यास सांगावे तशी सांगत होती. डोंगराळ भागात तीन हजार वस्तीमागे एक उपकेंद्र, वीस हजारांमागे डॉक्टर असलेले एक प्राथमिक आरोग्य केंद्र, ऐंशी हजारांमागे एक ग्रामीण रुग्णालय, असे सरकारी प्रमाण आहे. सपाटीवर हेच आकडे पाच हजार, तीस हजार व एक लाख वीस हजार असे आहेत. ताप, जुलाब, लहानसहान जखम, मुलांच्या लसी, गर्भिणीची तपासणी यांसाठी ग्रामीण रुग्णालयाच्या दाराशी रांग लावण्यात अर्थ नाही. त्याने आपलाही दिवस जातो आणि खऱ्या संकटातल्या माणसाची वाट अडते. कुत्रे चावले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पाव तास धुवावी आणि त्याच दिवशी लस टोचून घेण्यास जवळच्या आरोग्य केंद्रात जावे. 'बघू उद्या' हे शब्द तिने ऐकले की तिच्या अंगाचा संताप होतो. साप चावला तर हातपाय न हालविता ठेवावा, साप मारून आणण्याच्या भरीस पडू नये. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही विषांवर एकच प्रतिविष चालते. आणि घोणस-फुरश्याच्या विषाने रक्त गोठेनासे होते की काय हे पाहण्यास काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे तशीच ठेवितात, एवढी साधी कसोटी पुरते. यासाठी शहर लागत नाही.

मग शहर लागते ते कशासाठी, असे आम्ही विचारिले. तिचे उत्तर असे की कोठे कोठे जवळची पायरी चुकीचीही ठरते. तोंड एकाएकी वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर तो मेंदूचा झटका. तेथे डोक्याचे सीटी स्कॅन झाल्यावाचून गुठळी विरघळविण्याचे औषध देता येत नाही आणि ते औषध साडेचार तासांच्या आत जावे लागते. अशा वेळी १०८ वरच विचारावे की ते यंत्र चालू स्थितीत कोठे आहे, व तिकडेच जावे. छातीच्या कळेस मात्र उलट: आधी सर्वांत जवळ जेथे हृदयाचा आलेख निघतो तेथे, आणि मग पुढे. माणगावास उपजिल्हा रुग्णालय आहे. घाटापलीकडच्या लोकांना खेडजवळचे कळंबणी सोयीचे पडते. जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग येथून शंभर किलोमीटरांहून दूर, तेव्हा ते पहिली पायरी म्हणून कोणी धरू नये. खाजगी डॉक्टरांविषयी तिचे मत वाईट नव्हते. फक्त पाटीवर नोंदणीचा क्रमांक आहे की नाही तो पाहावा, आणि आल्याआल्या सुई टोचणाऱ्याचे कौतुक करू नये. हे ऐकताना आमच्या मेहुण्यांनी खिडकीबाहेर पाहिले.

चरकाच्या चिकित्सेस चार पाद असतात: वैद्य, औषध, परिचारक व रोगी. परिचारकास त्याने इतरांच्या बरोबरीने का बसविले, हे पढताना आम्हांस कधी उमगले नव्हते.

सायंकाळी नातू जरा सावरलासा दिसला, तेव्हा पाय मोकळे करण्यास बाहेर पडलो. पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवछत्रपतींचे चरित्र गीर्वाणवाणीत रचणाऱ्या त्या पंडिताच्या समाधीपुढे उभे राहावे, ही आमची जुनी इच्छा होती. पण त्या दिवशी चित्त तेथे ठरेना. पाच मिनिटांत परतलो.

पहाटे चारच्या सुमारास मुलगा रडू लागला. पाय भयंकर ठणकतो म्हणाला. आमच्या पोटात गोळा उठला. धावत डॉक्टरबाईंना उठवून आणिले. त्यांनी हातपाय चाचपले. ऊबदार होते. रक्तदाब पाहिला आणि प्रथमच हसल्या. "ठणका परत आला ना आजोबा? मग तो वाचला." विषाचा अंमल उतरू लागला की दडपलेली वेदना पुन्हा जागी होते, हेही बावस्करांचेच निरीक्षण. आपल्या नातवाच्या रडण्याने कोणास आनंदाश्रू आले असतील तर ते त्या पहाटे आम्हांस आले. कुडपणास सूनबाईंकडे निरोप कसा पोहोचवावा, या विवंचनेत असता कळले की आशाताईने तो आमच्या आधीच पोहोचविला आहे.

तिसऱ्या दिवशी घरी सोडले. मेहुण्यांनी पाकीट काढून किती द्यावयाचे असे विचारिले. कारकुनाने सांगितले की १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत शुल्क घेत नाहीत. मेहुणे बराच वेळ ते उघडे पाकीट हातात घेऊन उभे होते. बाहेर आल्यावर त्यांनी आशाताईसाठी लुगडे घ्यावयाचे ठरविले. आम्ही सुचविले की तिला एक चांगली बॅटरी अधिक उपयोगी पडेल. दोन्ही घेतली.

सामान व स्त्रिया आणण्यास पुन्हा कुडपणास गेलो. मंत्र जाणणारे वृद्ध रस्त्यातच भेटले. पोराला ठणका लागला का, एवढेच त्यांनी विचारिले. लागला म्हणताच समाधानाने मान हालवून ते भाताकडे निघून गेले. भीमाची काठी त्या दिवशी धुक्यात होती; नातवाने ती पाहण्याचा हट्ट धरिला नाही. बूट मात्र त्याने तीन वेळा झटकून पायात घातले, आणि आजही घरात तसेच घालतो.

वाईस परतल्यावर आठ दिवसांनी मेहुण्यांचा मुंबईहून टेलिफोन आला. प्रकृतीची विचारपूस झाल्यावर ते थोडे थांबून म्हणाले, "भाऊजी, ताईला आता रक्तदाब आहे. रात्री दोन वाजता काही झाले, तर तुमच्या वाईत आलेख काढणारा माणूस जागा असतो असे ठिकाण कोणते?" आम्ही वाईत जन्मलो, वाईत वाढलो, घाटावरच्या प्रत्येक देवळाचा शिलालेख आम्हांस ठाऊक आहे. या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नव्हते. त्याच रात्री जेवणे आटोपल्यावर काठी घेतली, चिरंजिवांना बरोबर घेतले, आणि कोणाच्या दारावरचा दिवा जळतो आहे ते पाहावयास बाहेर पडलो.